तीन काड्या

“हिरवा लागलाय की,” भागूबाई म्हणाली. “भरली म्हनायची. चालव आता.”

कल्याण गाडीवर बसलेलाच होता. त्याने चावी फिरवली आणि उजवी मूठ पिळली. गाडी जागची हलली नाही. त्याने पुन्हा पिळली. हँडलवरच्या बारक्या काचेत बॅटरीच्या काड्या दिसायच्या, पाच असल्या की बॅटरी भरलेली. तिथे आज एकही काडी नव्हती. भिंतीजवळच्या चार्जरचा दिवा मात्र हिरवागार जळत होता.

“वायर ढिली असंल,” सविता म्हणाली. हातातलं गाठोडं खाली टाकून ती आली आणि चार्जरची पिन उपसून तिने पुन्हा खोचली. दिवा गेला आणि लगेच परत हिरवा लागला.

“लगीच हिरवा कसा काय?” कल्याण म्हणाला. “आदी लाल लागायचा. लई येळ लाल राहून मंग हिरवा व्हायचा.”

“सा म्हैने बसून हुती. तिला भूकच नसंल,” भागूबाई म्हणाली आणि आपल्याच बोलण्याला हसली. मुलगा आणि सून दोघंही हसली नाहीत.

श्रीगोंद्याकडच्या कारखान्याचा पट्टा पडला होता, गाळपाचा हंगाम संपला होता, आणि ऊसतोडीला गेलेली सगळी वस्ती त्या सकाळी तिसगावच्या अलीकडच्या फाट्यावर ट्रकमधून उतरली होती. दिवाळीआधी घातलेलं घराचं कुलूप नुकतंच निघालं होतं. अजून झाडू फिरला नव्हता, प्यायला घरात पाणी नव्हतं, पण कल्याणने आधी मला गाडीवर बसवा म्हणून धोशा लावला. मग सविताने आणि शेजारच्या दोघांनी त्याला बगलेत धरून बसवलं. कमरेखालचं त्याचं अंग मेलेलं होतं. उसाने भरलेली ट्रॉली अंगावर कलंडली त्याला काही हंगाम लोटले होते.

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. कल्याण पडला तेव्हापासून सविता अर्धा कोयता झाली. अर्ध्या कोयत्याला मुकादम कुणाच्याही जोडीला लावतो आणि काम मात्र पुऱ्याचं घेतो. कल्याणला मागे ठेवावं तर हंगामात वस्तीवर माणूस उरत नाही, म्हणून त्यालाही बरोबर न्यावं लागे. ती फडात गेली की तो पाचटाच्या कोपीत दिवसभर पडून असायचा. भागूबाई जवळ असे, पण म्हातारीच्याने त्याला उचलणं होत नसे. तहान लागली तरी तो पाणी पीत नव्हता, कारण पाणी प्यालं की पुढचं सगळं आलं. हे त्याने कुणाला कधी सांगितलं नाही. संध्याकाळी सविता परतली की सकाळी भरून ठेवलेला तांब्या तिला तसाच दिसायचा.

मग मागच्या पोळ्याच्या सुमारास नगरला अपंगांचं शिबिर झालं आणि त्याला ही बॅटरीची तीनचाकी मिळाली. भाषणं झाली, हार झाले, फोटो झाले. बॅटरी कशी सांभाळायची एवढं सांगायचं तेवढं राहून गेलं. पहिल्याच आठवड्यात कल्याण एकटा तिसगावच्या बाजारात जाऊन आला. आला तो दिवेलागणीला. सविता दारातच उभी होती. काय आणायला गेला होता म्हणून तिने विचारलं, तर म्हणाला, “काय न्हाई. उगाच गेल्तो.” ट्रॉली पडल्यापासून तो कुठे उगाच गेला नव्हता. भाकरी थापताना सविता चुलीकडे तोंड करून रडली, आणि सुखाने रडायला किती सोपं जातं याचं तिलाच नवल वाटलं.

तिसगावच्या रस्त्याला ओढ्याच्या काठी काकासाहेबांची दूध डेअरी आहे. बाजारातून येताना कल्याण तिथे टेकू लागला. बारावीपर्यंत शिकलेला, आकड्यांना पक्का, बोलायला गोड. दुधाची फॅट मोजायच्या मशीनवर बसणारा माणूस काम सोडून जाणार होता. काकासाहेब स्पष्ट बोलणारे. ते म्हणाले, “आखितीपासून तू बस. गाडीवरूनच मशीन चालवायचं, उतरायचं काम न्हाई. पन एक सांगतो, कल्याण. मागं असाच एकजन ठेवला हुता, त्याला त्याचा भाऊ आनून सोडायचा. भावाला जाग आली न्हाई की हितं दूध नासायचं. दूध कुनासाठी थांबत न्हाई. तुझा तू येशील तर जागा तुझी.”

“माझा मी यील,” कल्याण म्हणाला होता.

पुढे सगळा हंगाम कोपीत पडल्या पडल्या तो आखितीच्या, अक्षय्य तृतीयेच्याच गोष्टी करत होता. डेअरीतलं काम लागलं की सविताने इथेच शेतात मजुरी करायची, म्हातारीने घर बघायचं आणि पुढच्या दिवाळीला घराला कुलूप लावायचं नाही, असं ठरलेलं होतं. आता पाडवा होऊन गेला होता, आखिती तोंडावर आली होती, आणि गाडी हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडीच्या पाठीवर छापलेल्या नंबरला फोन लावला. पलीकडची मुलगी फार अदबीने बोलत होती.

“गाडी बंद किती दिवस होती, सर?”

“दिवाळीच्या आदीपास्नं.”

“ठेवताना बॅटरी किती चार्ज होती?”

कल्याणने मोबाईल छातीला दाबला. “कुलूप तू लावलंस ना? निघताना किती काड्या हुत्या ग?”

सविता तवा घासत होती. “तीन,” ती म्हणाली.

“तीन हुत्या,” त्याने फोनवर सांगितलं.

“मग खरं तर प्रॉब्लेम यायला नको होता,” मुलगी म्हणाली. नगरला माळीवाड्याच्या स्टँडमागे एक रविराज म्हणून आहे, तो बॅटऱ्या बघतो, त्याला दाखवून घ्या, असं सांगून तिने फोन ठेवला.

तीन हे खोटं नव्हतं. तीनच होत्या. त्यानंतर काय झालं ते सविताने सांगितलं नव्हतं एवढंच.

ऊसतोडीला निघणाऱ्या घरांची एक रीत आहे. कुलपाच्या घरात भरलेलं काही ठेवायचं नाही. रांजण उपडा, घागरी उपड्या, दिव्यातलं तेल काढून घ्यायचं, पिठाचा डबा झटकून पुसून ठेवायचा. भरल्या वस्तूला घरात माणूस लागतं, माणूस नसलं की ती झुरते, असं भागूबाई सांगायची, आणि तिला तिच्या सासूने सांगितलेलं होतं. निघायच्या दिवशी कल्याण आणि भागूबाई सामानाबरोबर सकाळीच टेम्पोतून फाट्यावर जाऊन बसले. ट्रक दुपारनंतर येणार होता. सविता घर आवरायला मागे राहिली. सगळं उपडं करून झाल्यावर तिला गाडीची आठवण झाली. तिने चावी फिरवून पाहिली, तर काचेत तीन काड्या.

मग तिने मागची चाकं दगडांवर उचलून ठेवली, मूठ पूर्ण पिळून चिंधीने बांधली आणि पुढचा दिवाही लावून दिला. चाकं हवेत फिरत राहिली. मोबाईलची बॅटरी पार उतरू द्यावी आणि मगच भरावी, असं तिसगावच्या दुकानदाराने तिला कधीतरी सांगितलं होतं, तेही तिच्या डोक्यात होतं. चाकं फिरत होती तोवर तिने जमीन सारवली. दुपार कलायला लागली तेव्हा चाकं मंदावली, थांबली, काच काळी झाली. तिने चिंधी सोडली, दगड काढले आणि चाकांना हळदकुंकू लावलं. नवऱ्याची वस्तू आपण नीट ठेवून चाललो आहोत, म्हणून तिला बरं वाटलं होतं.

बॅटरी पोत्यात घालून ती नगरच्या एसटीत बसली. कंडक्टरने पोत्यात काय म्हणून विचारलं.

“बॅटरी हाय. मेलेली.”

“मेलेली असली तर ठेव सीटखाली,” तो म्हणाला. करंजीचा घाट ओलांडेपर्यंत ती दोन्ही पाय पोत्याला टेकवून बसली होती.

रविराज तिशीतला, कमी बोलणारा. त्याने बॅटरीचं झाकण उघडलं आणि आतल्या एकेका सेलला मीटरच्या तारा टेकवत गेला. सविता मीटरकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने तारा खाली ठेवल्या.

“ताई, ही पार तळाला गेलीय. रिकामी ठेवली होती का?”

“न्हाई. तीन काड्या हुत्या.”

“तीन काड्यांवर ठेवलेली बॅटरी अशी होत नाही,” तो म्हणाला. “ही बॅटरी बरेच दिवस ठेवायची असली की निम्म्याच्या जरा वर भरून ठेवायची. वायर सोडवून, सावलीच्या जागी. मधून कुणी थोडीशी भरली तर उत्तमच. एकदम फुल नको आणि रिकामी तर मुळीच नको. तीन काड्या म्हणजे अगदी पाहिजे तेवढी. तशीच राहिली असती तर तुम्ही आल्यावर तिने दोन काड्या तरी दाखवल्याच असत्या.”

सविता फरशीवर खाली बसली. दुकानात स्टूल होतं, पण ती खालीच बसली.

“आन रिकामी ठेवली तर?”

“तर तिला सांभाळायला आत जो सर्किटचा बोर्ड असतो, तोच तिला चाटत बसतो. उरलंसुरलं चाटून झालं की सेल मरतात.”

“चार्जर हिरवा दावतो की.”

“हिरवा म्हणजे भरली असं नाही. ती घेतच नाही ना काही, म्हणून चार्जर हिरवा.”

काहीच केलं नसतं तरी चाललं असतं. ती घर न आवरता तशीच फाट्यावर गेली असती, आळशीपणा केला असता, गाडीकडे ढुंकून पाहिलं नसतं, तरी गाडी वाचली असती. तिने सांभाळली म्हणून ती मेली. शेवटी ती म्हणाली, “दादा, जबरदस्तीनं भरा.”

“तसं काही जण करतात. वरून थेट करंट देऊन उठवतात. मी करत नाही.” त्याने मागची भिंत दाखवली. भिंत छतापर्यंत काळी पडली होती. “आत मेलेला सेल भरायला गेलं की तो पेटतो. पेटला की विझवता येत नाही. तुमच्या घरात माणसं असतील.”

नवी बॅटरी किती लागते तेही त्याने सांगितलं. तिने पुन्हा विचारलं नाही. ती उठली आणि एकदम वाकून तिने त्याचे पाय धरले. रविराज घाबरून मागे सरकला. “ताई, असं करू नका. मी नाही म्हणतोय ते तुमच्यासाठीच म्हणतोय.” तिलाही ते कळत होतं. कळून काही उपयोग नव्हता.

परत येताना ती फाट्यावर न उतरता पुढे तिसगावला उतरली. तिथे सूर्यभानचं दुकान आहे. सूर्यभान विहिरीच्या जळक्या मोटारींचं वायंडिंग भरतो, मोबाईल उघडतो, पंखे जोडतो आणि नाही हा शब्द त्याला ठाऊक नाही. काळ्या भिंतीचं सविताने त्याला काही सांगितलं नाही. त्याने दुसऱ्या एका बॅटरीच्या तारा थेट आतल्या पट्टीला टेकवल्या, ठिणगी उडाली, आणखी काही खटपट केली आणि मग चार्जर लावला. दिवा लाल झाला.

“उठली बघ,” सूर्यभान म्हणाला. “आता एकदा फुल हू दे, मंग मोकळी सुटंल.”

लाल दिवा बघून सविताने दुकानाच्या खांबाला धरलं.

घरात तिने बॅटरी नेली नाही. सकाळी लाईट आल्यावर अंगणात लिंबाखालच्या फरशीवर ती ठेवली आणि तिथूनच तिच्या वायरी गाडीला आणि चार्जरला जोडल्या. बाजेवरून कल्याणला काच दिसत होती. एक काडी आली. भागूबाईने देवापुढे उदबत्ती लावली. दुसरी आली. कल्याण हजामत करून बसला होता.

“तीन,” तो म्हणाला.

सविताला वास आला तो त्यानंतर. नखं रंगवायच्या बाटलीला येतो तसा गोडसर, डोक्यात जाणारा. तिने बॅटरीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. पत्र्याची कूस फुगली होती.

“पिन काढ,” कल्याण म्हणाला.

ती उभीच राहिली.

“सविते, पिन काढ. फुगलीय ती.”

“दोनच काड्या राहिल्यात. वाईच थांबा.”

“आगं पेटंल ती.”

“पेटू द्या. दोनच राहिल्यात,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजाने भागूबाई बाहेर आली. कल्याण बाजेवरून खाली घसरला आणि कोपरांवर सरपटत फरशीकडे निघाला. तो पार जवळ येईपर्यंत सविता नुसती बघत होती. मग आतून फट्ट असा आवाज झाला, पांढरा धूर निघाला आणि ती भानावर आली. तिने पिन उपटली, वायरी तोडल्या, फावड्याने बॅटरी ढकलत उकिरड्याच्या खड्ड्यात लोटली आणि वर माती ओढत राहिली. माती खालून फुसफुसत होती. संध्याकाळपर्यंत त्या खड्ड्यातून वास येत होता.

“कुनाची तरी नजर लागली,” भागूबाई म्हणाली.

“कंपनीनंच नासकी दिली,” कल्याण म्हणाला. “कागद बी आपल्याकडं न्हाई, भांडनार कशावर?” त्याची कोपरं सोलवटली होती. सविता त्याला हळद लावत होती आणि तिच्या जिभेवर आलेलं तिने पुन्हा गिळलं. त्या दिवसापासून बाजेजवळचा तांब्या इथेही संध्याकाळी भरलेलाच सापडू लागला.

शिबिरवाल्यांच्या ऑफिसात ती जाऊन आली. एकदा मिळाली त्याला इतक्यात दुसरी मिळत नाही, म्हणाले. आखिती दोन दिवसांवर आली.

“तुमी डेअरीत जायचं,” ती जेवताना म्हणाली.

“कशावर? फावड्यावर?”

“गाडीवर. मी ढकलते.”

“आन काकासाहेबाला काय सांगू?”

“काय सांगायचं न्हाई. वढ्याच्या अलीकडं उतार हाय. वर रामकाठी बाभळी हायेत, तितून सोडते. खाली गाडी आपसूक जाती. तुमी मूठ धरून बसायचं.”

कल्याणने हातातला घास ताटात ठेवला. मग त्याने तो घास उचलून खाल्ला.

आखितीला पहाटे ते निघाले. बॅटरी नसल्यामुळे गाडी हलकी झाली होती, तरी वस्तीपासूनचा कच्चा रस्ता तिचा जीव काढत होता. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढणारी बाई ती, तिला ओझ्याचं काही नव्हतं. तिला दुसरंच जड झालं होतं. तो पुढे बसलेला, पाठमोरा. त्याचं तोंड दिसत नव्हतं आणि तिचं त्याला दिसत नव्हतं. आता नाही तर कधीच नाही असं तिला वाटलं.

“आवं,” ती म्हणाली. “बॅटरी मीच मारली.”

“काय?”

“निघायच्या दिशी. भरलेलं ठिवू नाही म्हनून चाकं दगडावर घितली आन फिरवत ठेवली. पार उतरवली. नगरचा मानूस म्हनला, त्यानंच मेली.”

गाडी चालत होती. तिने ढकलणं थांबवलं नव्हतं.

“तीन काड्या म्हनालीस की.”

“तीनच हुत्या. मी उतरवल्या.”

त्याने मागे वळून पाहिलं नाही. बाभळी आल्या. खाली ओढा, ओढ्याच्या काठी डेअरीचा पत्रा आणि कॅन घेऊन उभी असलेली पाचसात माणसं दिसत होती. कल्याणने टोपी सारखी केली, पाठ ताठ केली, उजव्या हाताने मूठ धरली.

“हात काढ,” तो म्हणाला.

तिने हात काढला. गाडी उतारावरून निघाली, वळणाला त्याने ब्रेक हलका दाबला आणि थेट मशीनपाशी जाऊन थांबला. कुणीतरी त्याला रामराम घातला. सविता बाभळीमागून शेताच्या बांधाने मजुरीला गेली. संध्याकाळचं दूध होऊन सगळे पांगले आणि काकासाहेबही घरी गेले, की ती ओढ्याकडून यायची आणि त्याला वर ढकलत न्यायची.

असं चालू राहिलं. मशीनवर त्याचा हात बसला. बायामाणसं म्हणू लागली की कल्याण बसल्यापासून फॅट बरोबर लागते. सविताच्या पायाच्या टाचा फुटल्या, त्यात ती रात्री मेण भरायची. हे कुठवर चालणार हे दोघांनाही कळत होतं, त्यामुळे दोघंही त्यावर बोलत नव्हती. बॅटरीचंही तो काही बोलला नाही. ती रोज वाट बघायची, की आज तरी तो शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर तिला भाकरी गोड लागली असती.

एका सकाळी बाभळी यायच्या थोडं अलीकडे तो म्हणाला, “चाकं लई येळ फिरली का ग?”

“कवा?”

“तवा. दगडावर.”

“व्हय. आख्खं घर सारवून झालं तरी फिरतच हुती.”

“मंजी बॅटरी चांगली हुती,” तो म्हणाला. मग पुढे म्हणाला, “मला बसवून फिरवायची तरी. तेवढंच कुटंतरी जाऊन आलो असतो.” तो हसला की काय ते तिला मागून कळलं नाही. तिने पदराने तोंड पुसलं आणि गाडी उताराला लावली.

रोजच्यासारखा तो खाली गेला. रोज ती तो मशीनपाशी पोचेपर्यंत थांबायची, तशी थांबली. आज काकासाहेब लवकर आले होते. ते दारातच उभे होते आणि त्यांच्या हातात सॅम्पलच्या बाटल्यांची जाळी होती. सकाळच्या शांततेत खालचं बोलणं वर ऐकू येत होतं.

“टायमाला पक्का हायेस बाबा,” काकासाहेब म्हणाले. “आन गाडी काय झकास हाय, आवाज न्हाई काय न्हाई. बरं, आज एक काम कर. वरच्या वस्तीचा टेम्पो बंद पडलाय. तुझी गाडी हायच, तेवढी सॅम्पलं घिऊन ये. तवर मी बसतो मशीनवर. रोजच आनत जा म्हनतो, त्याचा येगळा पगार धरू.” त्यांनी जाळी कल्याणच्या मांडीवर ठेवली.

वरची वस्ती ओढ्याच्या पलीकडे, चढावर. कल्याणने जाळी एका हाताने धरली. “व्हय, जातो की,” तो म्हणाला आणि हँडल चढाच्या बाजूला वळवलं. मग त्याने मूठ पिळली.

कॅनवाले बाजूला सरून त्याला वाट करून देत होते. सविताला वरून त्याचा हात दिसत होता. मूठ पूर्ण पिळलेली होती. गाडी उभी होती. एक बाई म्हणाली, दगड आडवा आलाय का बघा. एकाने वाकून चाकाखाली पाहिलं. कल्याण समोर चढाकडे बघत होता आणि मूठ सोडत नव्हता.

सविताने पदर खोचला आणि ती उतारावरून खाली चालत आली. रांगेतल्या माणसांमधून, कुणाकडे न बघता. तिने गाडीच्या पाठीमागच्या दांडीला दोन्ही हात लावले. तिचे धुळीने भरलेले पाय काकासाहेबांनी पाहिले, मग बसायच्या जागेखालचा बॅटरीचा रिकामा खण पाहिला.

“कवापास्नं?” त्यांनी विचारलं.

“पहिल्या दिसापास्नं,” कल्याण म्हणाला.

काकासाहेब वाईट माणूस नव्हते. ते मशीनकडे वळून म्हणाले, “आजची तेवढी आना. मंग बघू.”

मुकादमापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे सविताने ‘मग बघू’ ऐकलेलं होतं. त्याच्यापुढे कधी काही बघितलं जात नाही हे तिला पाठ होतं. तिने दांडीला जोर दिला. ओढ्याची वाळू चाकांना धरत होती, मांडीवरच्या बाटल्या एकमेकींना लागून किणकिणत होत्या. ओढा ओलांडून गाडी चढाला लागली, डेअरीतली माणसं त्यांच्याकडे बघत उभी होती, आणि कल्याणने पाठ ताठ ठेवून मूठ तशीच शेवटपर्यंत पिळून धरली होती.